तांब्याची खाण आणि ज्ञानाचे ठिकाण
(ईयोब, अध्याय २८ : एक परीक्षण)

ईयोबाच्या पुस्तकातील अठ्ठाविसावा अध्याय आपल्या मंडळ्यांतून वाचला जातो तो बहुधा त्याच्या शेवटच्या वचनासाठी. देवाचे भय धरावे, वाइटापासून वळावे, यातच खरे ज्ञान आहे, एवढा सारांश सांगून उपदेशक पुढे जातो. आधीच्या सत्तावीस वचनांना केवळ प्रस्तावनेचे स्थान उरते. कधी हेच वचन शोकग्रस्त कुटुंबापुढे ठेवले जाते आणि त्यातून असे सुचविले जाते की, आता कारण विचारू नका. कधी ते शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणांपुढे ठेवले जाते आणि त्यातून असे सुचविले जाते की, माणसाची विद्या अखेर व्यर्थच. आमचे नम्र मत असे आहे की, हे दोन्ही उपयोग काव्याच्या रचनेशी व संपूर्ण पुस्तकाच्या हेतूशी विसंगत आहेत. प्रस्तुत लेखात ते दाखविण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

या काव्याची पहिली अकरा वचने खाणीविषयी आहेत. खाण म्हणजे काय हे ज्याच्या डोळ्यांपुढे नाही, त्याच्या हातून अर्धे काव्य निसटते. म्हणून आम्ही ते मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या मलाजखंड या ताम्रखाणीच्या संदर्भात वाचणार आहोत. गोंदियाला लागून असलेल्या या जिल्ह्याचे मराठीशी नाते जुने आहे. १९५६ पर्यंत त्याच्या राज्याची राजधानी नागपूर हीच होती.

१. दगडातून तांबे

बिरसा तहसिलीतील मलाजखंडच्या टेकडीत तांबे आहे हे पूर्वीपासून ठाऊक होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तेथे पद्धतशीर तपासणी केली आणि हिंदुस्थान कॉपर लिमिटेड या सरकारी कंपनीची उघडी खाण १९८२ मध्ये सुरू झाली. वर्षाला २० लाख टन खनिज काढण्याच्या क्षमतेची ती योजना होती. ज्या खडकात हे तांबे आहे त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे मानले जाते. जेथे टेकडी होती तेथे आज पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारा प्रचंड खड्डा आहे, आणि आता त्याच्याही खाली भूमिगत खाणकाम चालते.

ईयोबाच्या कवीने नेमके हेच पाहिले होते. मनुष्य गारगोटीसारख्या कठीण खडकावर हात टाकतो, डोंगर मुळापासून उलथून टाकतो, कातळातून पाट फोडतो, झिरपणारे पाणी अडवितो आणि दडलेली वस्तू उजेडात आणतो, असे तो नवव्या ते अकराव्या वचनांत सांगतो. दुसऱ्या वचनात तो म्हणतो की, दगड वितळून त्याचे तांबे होते. ही वाक्ये अतिशयोक्तीची नाहीत. मलाजखंडच्या खनिजात तांब्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असते. खडक सुरुंगाने फोडावयाचा, त्याची पिठासारखी भुकटी करावयाची, ती पाण्यात कालवून हवेचे बुडबुडे सोडावयाचे. तांब्याचे कण फेसाला चिकटून वर येतात आणि बाकीचा गाळ मागे उरतो. शंभर टन दगडातून चार-पाच टन ताम्रयुक्त चूर्ण निघाले तर पुष्कळ, आणि तेही वितळवून शुद्ध करण्यासाठी दूरच्या कारखान्यांकडे पाठवावे लागते.

येथे पहिल्या वचनातील एका हिब्रू शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे. रुप्याला निघण्याची जागा असते आणि सोन्याला शुद्ध होण्याचे ठिकाण असते, असे कवी म्हणतो. ‘ठिकाण’ यासाठी मूळ शब्द ‘माकोम’ आहे. हाच शब्द बाराव्या व विसाव्या वचनांतील ध्रुवपदासारख्या प्रश्नात परत येतो : समजेचे ‘माकोम’ कोठे? धातू कितीही खोल असो, त्याला जागा असते आणि जागा आहे म्हणून वाटही काढता येते. ज्ञानाविषयीचा प्रश्न या पार्श्वभूमीवर उभा राहतो. खाण हे काव्यातील शोभेचे चित्र नसून प्रश्नाचा पायाच आहे.

पाचवे वचनही मलाजखंडच्या परिसरात विशेष अर्थपूर्ण वाटते. जिच्यावर अन्न उगवते तीच भूमी खाली अग्नीने उलथल्यासारखी होते, असे कवी सांगतो. बालाघाट हा धानाचा जिल्हा आहे. तेथील सुगंधी चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच जिल्ह्यात भरवेलीला मँगनीजची आणि मलाजखंडला तांब्याची खाण आहे. वर भात, खाली सुरुंग. कवीने हा विरोध नोंदविला आहे आणि त्यावर कोणताही शेरा मारलेला नाही. त्याच्या मौनाकडे आम्ही पुढे वळू.

२. होखमा म्हणजे काय?

खाणकऱ्याच्या कौशल्याची कवी निंदा करतो काय? पुष्कळ उपदेशांतून तसे ऐकू येते. परंतु मूळ भाषा त्याला आधार देत नाही. मराठीत ज्यासाठी आपण बहुधा ‘ज्ञान’ म्हणतो तो हिब्रू शब्द ‘होखमा’ होय. मराठी ‘ज्ञान’ शब्दाला तत्त्वज्ञानाचा व मोक्षमार्गाचा मोठा इतिहास आहे. त्यामुळे तो ऐकताच आपले मन हाताच्या कामापासून दूर जाते. ‘होखमा’चे तसे नाही. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात सोने, रुपे व तांबे यांचे काम करण्यासाठी बसालेल याला देवाच्या आत्म्याने जे भरले तेही ‘होखमा’च. १ राजे ७:१४ मध्ये सोर येथून बोलाविलेला हिराम हा तांब्याचा कारागीर. त्याच्या ठायी असलेल्या कसबालाही हाच शब्द वापरला आहे. अनुवादाच्या आठव्या अध्यायात ज्या देशाच्या डोंगरांतून तांबे खणता येईल तो देश देवाचे दान म्हणून वर्णिलेला आहे. आणि पुढे लगेच इशारा आहे की, हे सर्व माझ्याच बाहुबळाने मिळाले असे म्हणू नये.

म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने तांबे काढणाऱ्याच्या आणि घडविणाऱ्याच्या हातातही ज्ञान आहे. हे लक्षात घेतले म्हणजे ईयोब २८ मधील पेच अधिक तीव्र होतो. जगात काहीच कळत नाही अशा आळशी माणसाचा हा विलाप नव्हे. जो अंधाराला सीमा घालतो, ज्याची वाट गिधाडाच्या तीक्ष्ण नजरेलाही दिसत नाही, त्या कर्तबगार माणसाला विचारलेला हा प्रश्न आहे. तिसऱ्या वचनात मनुष्य अगदी टोकापर्यंत धुंडाळतो असे सांगताना वापरलेले क्रियापद सत्ताविसाव्या वचनात देवासाठी आले आहे : देवाने ज्ञानाला पाहिले, त्याची गणना केली, त्याला स्थिर केले आणि त्याचा ठाव घेतला. मनुष्याच्या शोधासाठी व देवाच्या शोधासाठी एकच शब्द योजणारा कवी शोधाला तुच्छ लेखीत असेल, हे आम्हांस पटत नाही.

३. बाजार आणि मृत्युलोक

खाणीत जे सापडत नाही ते बाजारात विकत मिळेल काय, हा काव्याचा दुसरा टप्पा. तेराव्या वचनाच्या हिब्रू पाठात ज्ञानाचे ‘मोल’ मनुष्याला ठाऊक नाही असे आहे. ग्रीक भाषांतरात त्या जागी ‘मार्ग’ असा अर्थ आढळतो. काही अभ्यासक ग्रीक पाठ स्वीकारतात. आम्हांस हिब्रू पाठ अधिक ग्राह्य वाटतो, कारण पुढे लगेच मोलाचाच विषय निघतो. सोन्यासाठी एकामागून एक वेगवेगळे चार शब्द, ओफीरचे सोने, कूश देशाचे पुष्कराज, आणि सोन्याच्या बरोबरीने चक्क काच, जिचा उल्लेख जुन्या करारात केवळ येथेच आहे. सराफाच्या पेढीवर सर्व माल मांडून झाला तरी तराजू हलत नाही.

बालाघाट जिल्ह्यातच या वचनांवर भाष्य करणारी एक गोष्ट जमिनीतून निघाली आहे. गुंगेरिया गावी १८७० मध्ये तांब्याच्या ४२४ वस्तू आणि रुप्याचे १०२ पातळ पत्रे एकत्र पुरलेले सापडले. नुसत्या तांब्याचे वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो भरले. हा ठेवा सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा असावा असे मानतात. तो कोणी पुरला, कोणत्या भयाने वा कोणत्या भक्तीने पुरला, हे सांगणारे कोणी उरले नाही. धातू मात्र जसाच्या तसा राहिला. रुपे आणि तांबे यांचा हा स्वभावच आहे की, ते ठेवले तेथे राहतात आणि मालक बदलला तरी त्यांची किंमत कायम असते. ज्ञान असे पुरून ठेवता येत नाही व वारशात वजन करून देता येत नाही, हेच कवीला सांगावयाचे आहे.

तिसऱ्या टप्प्यात कवी आणखी खाली उतरतो. खोल जलाशय म्हणतो, ते माझ्यात नाही. समुद्र म्हणतो, माझ्याजवळ नाही. विनाश व मृत्यू म्हणतात, आमच्या कानांवर केवळ त्याची वार्ता आली आहे. येथे ईयोबाच्या पहिल्या विलापाची आठवण व्हावयास हवी. तिसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात तो अशा दुःखितांविषयी बोलतो जे मृत्यूसाठी, गुप्त धनासाठी खणावे त्याहून अधिक, खणीत असतात. त्या वेळी त्याला वाटले होते की आपले उत्तर मृत्यूच्या खाणीत मिळेल. अठ्ठाविसावा अध्याय ती खाणही बंद करतो : तिच्या तळाशीही केवळ ऐकीव वार्ता आहे. दुःखाने जीव नकोसा झालेल्या माणसाला भेटावयास जाणाऱ्या धर्मसेवकाने हे दोन अध्याय जोडून वाचावेत. मरणात समजूत लपलेली नाही, हे येथे कोणत्याही दटावणीशिवाय सांगितलेले आहे.

४. शेवटचे वचन

आता अठ्ठाविसावे वचन. अध्यायाचा वक्ता कोण यावर अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. सत्ताविसाव्या व एकोणतिसाव्या अध्यायांच्या आरंभी ईयोब बोलतो असे शीर्षक आहे. पण अठ्ठाविसाव्याचा शांत स्वर त्याच्या तप्त भाषणांशी जुळत नाही. डेव्हिड क्लाइन्स यांनी हे काव्य मुळात एलीहूच्या भाषणाचा शेवट असावे असे मत मांडले. कॅरल न्यूसम यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात त्याला वादात शिरलेला एक वेगळा ज्ञानविषयक स्वर मानले. गेरहार्ड फॉन राड यांनी १९७० मध्ये इस्राएलातील ज्ञानपरंपरेवर लिहिताना, देवाने सृष्टीत ठेवलेले गूढ म्हणजेच येथील ज्ञान, अशी मांडणी केली. शेवटचे वचन मागाहून जोडलेले असावे, असेही काहींचे म्हणणे आहे. या पुस्तकात अन्यत्र सहसा न आढळणारे ‘अदोनाय’ हे संबोधन त्यात आहे, हा त्यांचा एक आधार.

या वादाचा निर्णय कसाही लागो, पुस्तक आपल्या हाती ज्या रूपात आले आहे त्या रूपातच एक गोष्ट स्पष्ट आहे आणि तिच्याकडे उपदेशात क्वचितच लक्ष दिले जाते. देवाचे भय धरणारा आणि वाइटापासून दूर राहणारा, हे शब्द आपण या पुस्तकात पहिल्यांदा अठ्ठाविसाव्या अध्यायात ऐकत नाही. पहिल्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात ईयोबाची ओळख याच शब्दांनी करून दिलेली आहे. देव सैतानापुढे तीच ओळख दोनदा उच्चारतो (१:८ व २:३). म्हणजे काव्य ज्याला ज्ञान म्हणते ते ईयोबापाशी प्रारंभापासूनच होते. ते असूनही त्याचे बैल गेले, चाकर गेले, लेकरे गेली, शरीर फोडांनी भरले. तेव्हा शेवटचे वचन ईयोबाच्या प्रश्नाचे उत्तर असूच शकत नाही. ज्याच्याजवळ जे आहे तेच त्याला औषध म्हणून देणे, हा उपाय नव्हे.

मग ते वचन काय करते? आमच्या मते ते प्रश्नाचा प्रकार बदलते. ज्ञानाचे ‘ठिकाण’ देवाला ठाऊक आहे असे तेविसावे वचन सांगते; मनुष्याला मात्र ठिकाण न देता चालावयाची वाट दिली जाते. भय धरणे व वळणे या दोन्ही क्रिया आहेत. ज्याला आपल्या दुःखाचे कारण कळलेले नाही, त्यालाही त्या करता येतात आणि त्या करीत असता तो विचारणे सोडीत नाही. ईयोब सोडीतही नाही : एकतिसाव्या अध्यायात तो देवापुढे आपल्या सहीनिशी दाद मागतो. आणि शेवटी ४२:७ मध्ये देव म्हणतो की मित्रांचे बोलणे यथार्थ नव्हते, ईयोबाचे होते. मित्रांपाशी प्रत्येक गोष्टीचे कारण तयार होते. जो विचारीत राहिला त्याच्या बाजूने निकाल लागला.

५. भूमीचे रडणे

या वाचनाला पुढील तीन अध्यायांचा आधार आहे. अठ्ठाविसावे वचन संपताच ईयोब आपले चरित्र उलगडतो, आणि एकतिसाव्या अध्यायात देवाचे भय व वाइटापासून वळणे यांचा व्यवहारातील अर्थ कलमवार समोर येतो. चाकराने किंवा दासीने तक्रार आणली तेव्हा मी ती तुच्छ मानली काय? ज्याने मला उदरात घडविले त्यानेच त्यालाही घडविले नाही काय? सोन्यावर मी भरवसा ठेवला काय? आणि अगदी अखेरीस : माझी भूमी माझ्याविरुद्ध ओरडली काय, तिचे तास एकत्र रडले काय, मोल न देता मी तिचे उत्पन्न खाल्ले काय?

अठ्ठाविसाव्या अध्यायात कवी ज्याविषयी मौन पाळतो ते येथे बोलले जाते. खाणीच्या वर्णनात पाडलेला डोंगर आहे, पण डोंगराखाली लोंबकळणाऱ्या मजुराला नाव नाही. चौथे वचन फक्त एवढेच सांगते की, तो वरच्या वाटसरूंच्या विस्मृतीत गेला आहे. प्राचीन ताम्रखाणींत असे विस्मृत लोक पुष्कळ होते. मृत समुद्राच्या दक्षिणेस फाइनो येथील ताम्रखाणींत चौथ्या शतकाच्या आरंभी, छळाच्या काळात, ख्रिस्ती कबुलीदारांना पाठविले गेले. त्यांपैकी अनेकांचा उजवा डोळा काढून व डावा पाय डागून त्यांना तेथे नेल्याची नोंद युसेबियसने पॅलेस्टाईनच्या हुतात्म्यांवरील आपल्या ग्रंथात केली आहे. मनुष्याचा डोळा प्रत्येक मोलवान वस्तू पाहतो, असे दहावे वचन म्हणते. कोणाचा डोळा आणि कोणासाठी, हा प्रश्न मंडळीच्या स्वतःच्या इतिहासानेच त्या वचनापुढे ठेवला आहे.

मलाजखंडचा परिसर गोंड व बैगा लोकांचा आहे. नांगर चालविणे म्हणजे धरतीमातेचे स्तन फाडणे, या श्रद्धेने बैगा पूर्वी नांगर धरीत नसत, असे व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात नोंदविले आहे. एल्विन हे धर्मसेवक म्हणून भारतात आले आणि पुढे त्यांनी मंडळी सोडली. बैगांची ही श्रद्धा ईयोबाचा सिद्धांत नव्हे. ईयोब स्वतः पाचशे जोड्या बैल बाळगणारा शेतकरी होता. परंतु भूमी रडू शकते हे ज्याच्या शास्त्रात लिहिले आहे, त्या उपदेशकाने बैगाच्या या संकोचाला अंधश्रद्धा म्हणून हसू नये. खाणीतील तांबे आपल्या घराच्या विजेच्या तारेत आहे आणि ते आपणांस हवे आहे. म्हणूनच मजुराची तक्रार आणि जमिनीचे रडणे ऐकण्याचे ओझे केवळ खाणीवर राहत नाही, तांबे वापरणाऱ्यावरही येते.

६. उपदेशकासाठी

नीतिसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ज्ञान रुप्यासारखे शोधावे आणि ते सापडेल असे आश्वासन आहे. आठव्या अध्यायात तर ज्ञान वेशीवर उभे राहून स्वतः हाका मारते. उपदेशकाच्या सातव्या अध्यायात ते दूर व अतिशय खोल आहे. ईयोब २८ या दोहोंच्या मध्ये उभा आहे. या तीन स्वरांपैकी एकच निवडून इतरांना गप्प करणे सोपे असते. पौल कलस्सैकरांस लिहिताना ज्ञानाचे सर्व निधी ख्रिस्तात गुप्त आहेत असे म्हणतो, आणि आपण त्या वचनाकडे धाव घेतो, घ्यावीही. पण ‘गुप्त’ हा शब्द तेथेही आहे. करिंथकरांस पौल ज्या ख्रिस्ताला देवाचे ज्ञान म्हणतो तो वधस्तंभावरचा ख्रिस्त आहे, आणि वधस्तंभावरून ‘का’ असे विचारले गेले होते. हा प्रश्न ज्याने विचारला त्याचे नाव घेऊन दुसऱ्याचा प्रश्न बंद करता येत नाही.

म्हणून आमच्या वाचकबंधूंना तीन सूचना कराव्याशा वाटतात. या अध्यायावर बोलताना पहिली अकरा वचने वगळू नयेत. खाणीत, गिरणीत किंवा शेतात राबणाऱ्यांसमोर ती आवर्जून वाचावीत आणि त्यांच्या हाताच्या कसबालाही शास्त्र ‘होखमा’ म्हणते हे त्यांना सांगावे. अठ्ठाविसावे वचन सांगितले की, एकतिसावा अध्याय उघडावा, म्हणजे देवाचे भय हा शब्द हवेत न राहता मजुरीच्या वहीपर्यंत आणि शेताच्या बांधापर्यंत पोहोचेल. आणि ज्या घरी नुकतेच प्रेत उचलले गेले आहे तेथे हे वचन उत्तर म्हणून उच्चारू नये. त्या घरी ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस केले तेच करावे : जमिनीवर बसावे आणि बोलू नये. मित्रांच्या हातून जे काही ज्ञानाचे झाले ते त्या सात दिवसांत झाले.